जमिनीत राहिलेलं रुबार्ब

गाडी हलली तेव्हा आर्लिस बाहेर लाकडी टेबलापाशी उभी होती, आणि ती ओरडली नाही.

ओरडायला तशी काही अडचण नव्हती. घसा ठणठणीत होता. याच घशाने तिने उन्हाळाभर तळ्यात डुंबणाऱ्या पोरांना बोटींच्या वाटेत जाऊ नका म्हणून दम भरला होता आणि तो पलीकडच्या काठावरही ऐकू जायचा. पण आज तोंड उघडलं नाही. तिचा नवरा डेल्मर स्टेअरिंगवर होता. मोटरहोम, म्हणजे बसएवढी गाडी आणि तिच्या पोटात दोघांचं अख्खं घर, सावकाश झाडांमधल्या वाटेला लागली. मागे बांधलेली लाल कार दाव्याच्या वासरासारखी मुकाट तिच्यामागे गेली. वळणावर कारचे मागचे दिवे एकदा लाल झाले, विझले, आणि मग सगळं बर्चच्या पिवळ्या पानांआड गेलं.

आर्लिस तिथंच. अंगात घरातला स्वेटर, पायात सपाता, हात रिकामे. फोन गाडीत, पर्स गाडीत, रक्तदाबाची गोळी गाडीत. नवराही गाडीतच.

हे हसण्यासारखं आहे हे तिलाही कळत होतं. चाकांवर राहणाऱ्या लोकांत असले किस्से दर हंगामाला होतात. बायको मागच्या पलंगावर झोपलीय अशा समजुतीत कुणी तिच्याशी गप्पा मारत पुढच्या राज्यात पोचतो, आणि ती बिचारी मागे पेट्रोल पंपावर आइस्क्रीम खात उभी असते. शेकोटीभोवती बसून लोक हे किस्से सांगतात आणि पोट धरधरून हसतात. आर्लिसनेही सांगितले होते, आणि चांगले रंगवून सांगितले होते. पण त्या किस्स्यांतली बायको गाडीमागे धावते, हात हलवते, नवऱ्याच्या सात पिढ्या काढते. गाडी चाललेली दिसत असताना गप्प उभी राहणारी बायको तिने कुठल्याच किस्स्यात ऐकली नव्हती.

त्यात आणखी एक भानगड होती. निघण्याची त्या दोघांची एक पद्धत ठरून गेली होती. डेल्मर बाहेरून गाडीभोवती एक फेरी मारायचा: पाण्याची नळी सोडली का, विजेची तार काढली का, सांडपाण्याचा पाइप जागेवर गेला का, कार नीट जोडली का. तोवर आर्लिस आतलं बघायची. कपाटांच्या कड्या, फ्रिजची खिट्टी, कपबश्या टॉवेलात. मग तो इंजिन चालू करून तापू द्यायचा, आणि आतलं आवरलं की ती फ्रिजच्या दारावर दोनदा टकटक करायची. टकटक म्हणजे मी आत आहे, सगळं बंद आहे, चल. त्यानंतर ती मागे जाऊन पलंगावर आडवी व्हायची, कारण सुरुवातीच्या वळणांवर तिला मळमळतं. निदान तसं तिने डेल्मरला सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे एखादी जागा खिडकीतून मागे मागे जाताना तिला बघवत नसे.

आज तिने टकटक केली, आणि मग मधलं दार उघडून खाली उतरली. क्रम हा असा. आधी उतरली असती आणि टकटक राहिली असती तर विसरभोळेपणा म्हणता आला असता, वयाच्या नावावर खपवता आलं असतं. पण टकटक झाल्यावर नवरा गाडी काढणार हे पक्कं ठाऊक असताना शहाणी बाई खाली उतरते कशाला?

रुबार्ब, तिने स्वतःला सांगितलं. रुबार्ब काढायचं राहिलं होतं.

न्हाणीघरांच्या इमारतीमागे, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे ते होतं. हाताएवढे लाल देठ आणि वर सुपाएवढी पानं. देठ अंबाडीहून आंबट, पण साखरेत शिजवले की असा मुरंबा होतो की माणूस वाटी चाटून ठेवतो. हा कंद आर्लिसच्या आईच्या मळ्यातला, आयोवातला. घर विकलं तेव्हा तिने बाकी सगळ्यावर पाणी सोडलं, पियानो शेजारणीला दिला, भांडी चर्चला दिली, पण शेवटच्या दिवशी परसात जाऊन एक कंद उकरला आणि बादलीत घातला. तेव्हापासून ती बादली गाडीच्या मोरीत बसून फिरत होती. टेक्सास झालं, अ‍ॅरिझोना झालं. बादलीतलं रुबार्ब मरत नव्हतं आणि धड जगतही नव्हतं. पेन्सिलीएवढे देठ यायचे आणि लोळायचे.

मे महिन्यात ते दोघं इथे, मिनेसोटाच्या उत्तरेला या तळ्याकाठी, लोक सुट्टीत गाड्या नि तंबू लावून राहतात त्या कॅम्पवर उन्हाळ्याच्या कामाला आले आणि दुसऱ्याच दिवशी आर्लिसने कंद जमिनीत लावला. डेल्मर म्हणाला होता, बादलीतच राहू दे, सप्टेंबरात पुन्हा उकरत बसावं लागेल. ती म्हणाली, उकरीन की. पण ज्याच्या घरी रुबार्ब असतं त्याला एक गोष्ट ठाऊक असते. लावल्यावर पहिल्या वर्षी त्याचा देठ तोडायचा नसतो. दुसऱ्या वर्षी दोन-चार, आणि तिसऱ्या वर्षापासून पोटभर. एका उन्हाळ्यासाठी रुबार्ब जमिनीत लावणं म्हणजे येडेपणा आहे. आर्लिस काही येडी नव्हती, त्यामुळे हे तिचं तिलाच कोडं होतं.

उन्हाळा मात्र झकास गेला. काम म्हणाल तर चार लोकांनी करायचं ते दोघांनी. आर्लिसकडे न्हाणीघरं धुणं, नव्या पाहुण्यांना जागा दाखवणं, सरपणाच्या मोळ्या विकणं. डेल्मरकडे पंप, वायरी, आणि मासे साफ करायच्या खोपटातल्या तुंबलेल्या नळ्या. बदल्यात गाडी उभी करायला तळ्यासमोरची जागा, वीज-पाणी आणि थोडेफार डॉलर. रोज सकाळी लून पक्षी वेड्यासारखे हसत सुटायचे. डास होते, पण डास कुठे नसतात.

कॅम्पची मालकीण बेव कोस्केला, फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांची नात. बोलायला महाग. आर्लिसला पहिला महिनाभर वाटत होतं की या बाईला आपण आवडत नाही. मग कळलं की आवडलं की ती आणखीच कमी बोलते. या बेवने ऑगस्टमध्ये एकदा, टॉवेलांच्या घड्या घालता घालता विचारलं की फाटकाजवळची केबिन आहे, शेगडीवाली, तर वर्षभर राहाल का. थंडीत तळं गोठलं की बर्फात भोकं पाडून मासे धरणारे लोक येतात, त्यांच्या खोपट्यांकडे कुणीतरी बघायला हवं. तिचे गुडघे आता साथ देत नव्हते. डेल्मर तिथेच नळ दुरुस्त करत बसला होता. तो हसून म्हणाला, आम्ही चाकावरची माणसं, बेव. आर्लिसही हसली. हसण्यासारखं काय होतं ते तिला अजून कळलेलं नव्हतं.

कारण गाडी घ्यायची कल्पना डेल्मरची नव्हतीच. तिची होती. डेल्मरने आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाला आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. सकाळी रस्त्यावरून बस जायची, तो तिचा आवाज ऐकायचा, बेल्ट घसरतोय म्हणायचा, आणि मग दिवसभर गप्प. एका हिवाळ्यात त्याने दाढी करणं सोडलं. मग जेवताना बोलणं सोडलं. आर्लिस घाबरली. घर विकू आणि गाडी घेऊ हे तिने ठरवलं, तिने रेटलं, सिअ‍ॅटलमधल्या लेकीची बोलणीही तिनेच खाल्ली. आणि गाडीत बसल्यावर डेल्मर महिन्याभरात माणसात आला. आता त्याच माणसाला ती कोणत्या तोंडाने सांगणार की मला घर हवंय? आणि खरंच हवं होतं का? वाळवंटातल्या सकाळी तिलाही आवडायच्या. नव्या गावातली पहिली कॉफी आवडायची. तिचं मन पार तळ्यात मळ्यात झालं होतं.

तर अशी ती उभी असताना रुफसच्या, कॅम्पभर फिरायच्या चिमुकल्या गोल्फच्या गाडीचा खडखडाट आला, आणि आर्लिसने केलं काय, तर न्हाणीघरांमागे जाऊन लपली.

याचंही कारण होतं. रुफस टिबेट्स हा त्यांच्यासारखाच उन्हाळी कामावर आलेला, एकटा जीव, जुन्या व्हॅनमध्ये राहणारा. मनाने चांगला पण पोटात काही राहत नाही. आणि आदल्या संध्याकाळीच सगळ्यांनी त्या दोघांना निरोप दिला होता. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता, बेवने ब्लूबेरीचा केक केला होता, मिठ्या मारून झाल्या होत्या. या लोकांत कुणी जातो म्हणत नाही, रस्त्यात भेटूच म्हणतात. ते म्हणून झालं होतं. केक खाऊन, डोळे पुसून, सगळ्यांना रस्त्यात भेटूच म्हटल्यावर माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी सपातांवर तिथेच सापडावं, याची लाज वाटतेच.

रुफसने तिला रुबार्बशेजारी उकिडवी बसलेली शोधून काढलं.

"काय गं, टाकलं की काय नवऱ्यानं?"

"विसरला."

"एवढी मोठी बाई विसरला?"

तिने सांगितलं की त्याला वाटतंय मी मागे झोपलेय. हायवेच्या पंपावर डिझेलला थांबेल, कॉफी हवी का विचारायला मागे जाईल, मग कळेल. रुफस म्हणाला मी फोन लावतो. ती नको म्हणाली. तो म्हणाला मग मी गाठतो त्याला. ती म्हणाली, या खेळण्यातल्या गाडीने? रुफसने आपल्या गोल्फच्या गाडीकडे वाईट वाटून बघितलं आणि तिला तिथेच सोडून सरळ बेवकडे गेला.

आपण फोन का नको म्हणालो, हे आर्लिसला कळेना. तिने हिशेब केला, की आत्ता तो पुलापाशी असेल, आत्ता चर्चपाशी, आता पंपावर. तिथून वळून यायचं. मागे कार बांधलेली असली की ही गाडी उलटी घेता येत नाही, कारची चाकं वाकडी होऊन जोडणी मोडते. वळायला पंपासारखं मोकळं आवारच लागतं. म्हणजे वेळ लागणार. लागू दे. तिने रुबार्बच्या बुडाशी हात घातला. माती थंड होती आणि कंद चांगला फुगला होता, बादलीत कधीच फुगला नव्हता एवढा. तिने माती उकरली नाही. नुसता हात ठेवून बसली, आणि उगाचच तिला रडू आलं.

थोड्या वेळाने बेव काठी टेकत आली. एका हातात कॉफीचा मग. तो आर्लिसला दिला आणि शेजारी सरपणाच्या ओंडक्यावर बसली.

"येईल तो," आर्लिस म्हणाली.

"येईलच. मग तुझा चेहरा असा का?"

"कसा?"

"तो येईल म्हणून घाबरल्यासारखा."

आर्लिस कॉफी प्यायली. कॉफी नेहमीसारखीच पातळ होती. ती म्हणाली की तो नाही आला तर, याचीही भीती वाटतेय. दोन्ही कशा वाटतील एकदम, काही कळत नाही.

बेव तळ्याकडे बघत म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी केबिनचं विचारलं, तेव्हा उत्तर त्यानं दिलं. मी त्याला विचारलंच नव्हतं. तुला विचारलं होतं."

"मी हसले ना."

"ते बघितलं मी. ते काय उत्तर झालं?"

"मला माहीत नाही गं, बेव. गाडीत असले की घर हवंसं वाटतं. घर होतं तेव्हा गाडी हवीशी झाली. त्याच्यासाठी घेतली म्हणते मी, पण माझ्यासाठी नव्हती असंही नाही. आणि पुन्हा तो खुर्चीत जाऊन बसला तर?"

बेवने एवढंच सांगितलं की डाकोटातल्या एका जोडप्याने केबिनसाठी विचारलंय आणि आज संध्याकाळी त्यांना हो-नाही कळवायचंय. घाई करत नाही, पण बर्फ माझ्यासाठी थांबणार नाही. मग गुडघे धरून उठली, काठी सावरली आणि कॉफीचा मग रिकामा झाला की आणून दे म्हणाली.

म्हणजे संध्याकाळपर्यंत. आर्लिस कॉफीचा मग घेऊन टेबलापाशी आली. गाडी जिथे उन्हाळाभर उभी होती तिथलं गवत पिवळं पडून गाडीच्याच आकाराचा चौकोन झाला होता. ती त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. इथे फ्रिज, इथे मोरी, इथे पलंग. तळ्यावर वारा सुटला. काठावरच्या बहुतेक जागा मोकळ्या झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात डेल्मरला शेतातलं बीट काढायच्या हंगामी कामावर हजर व्हायचं होतं, मग टेक्सास. गाडीच्या दारावर देशाचा नकाशा होता आणि जे राज्य होईल त्यावर तो रंगीत चकती चिकटवायचा. थोडीच राज्यं उरली होती. ती झाली की काय करायचं, हे दोघांपैकी कुणीही कधी बोललं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तरी गाडी नाही. आता मात्र आर्लिसला काही सुचेना. पंपापर्यंत दोनदा जाऊन येईल एवढा वेळ झाला होता. म्हणजे तो अजून मागे वळून न बघताच चाललाय. मला कॉफी हवी का, हे त्याने विचारलंच नाही? पहिल्यांदा तिला राग आला. मग त्याला कधीमधी छातीत दुखतं ते आठवलं, गाडी खड्ड्यात गेलीय असं दिसायला लागलं, आणि ज्या बाईने सकाळी हाक मारली नाही तीच बाई आता फाटकाकडे जवळजवळ पळत सुटली. सपातांत खडे जात होते. कॉफीचा मग तिच्या हातातच राहिला होता.

फाटकापलीकडे खडीचा रस्ता. डावीकडे बेवचं जुनं शेड, आत बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर, टायर बसलेला. वळण घेतलं तर समोरून एक माणूस चालत येताना दिसला. खांद्यावर फावडं.

तो डेल्मर होता. सावकाश येत होता, कामावर जायचं नसलेला माणूस चालतो तसा. तिला बघून थांबला. ती पण थांबली. दोघांमध्ये बराच रस्ता उरला होता, आणि दोघांनाही पुढे यायचं सुचायला वेळ लागला.

"कुठं होतास?"

"टपालपेट्यांपाशी. तिथं रुंद आहे, गाडी बाजूला घेतली."

टपालपेट्या म्हणजे वळणाच्या पलीकडे. हाकेच्या नाही, पण मोठ्या हाकेच्या अंतरावर.

"केव्हापासून?"

"निघाल्यापासून."

आर्लिसला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. सकाळभर तिने ज्या नवऱ्याला पुलावर, चर्चपाशी, पंपावर, खड्ड्यात घातलं होतं तो सकाळभर अर्ध्या मैलावर बसून होता.

"म्हणजे तुला माहीत होतं, मी आत नाही."

"मधलं दार उघडलं की माझ्यासमोर लाल दिवा लागतो. नेहमी लागतो. तू मागं असतेस म्हणून तुला ठाऊक नाही." त्याने फावडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "मग आरशात दिसलीस. टेबलापाशी."

"आणि तू निघालास?"

"तू टकटक केली होतीस, आर्लिस."

ती दोन पावलं पुढे आली.

"वाटलं, हाक मारशील," डेल्मर म्हणाला. "वळणावर ब्रेक दाबला. नाही मारलीस. मग वाटलं, पेट्यांपर्यंत चालत येशील. गाडी बंद करून बसलो."

"मी रुबार्ब काढायला उतरले होते."

डेल्मरने खांद्यावरचं फावडं उतरवलं आणि रस्त्यावर टेकवलं. "फावडं गाडीच्या पोटात होतं. कुलपात. किल्ली माझ्या खिशात."

आर्लिसने आपल्या हातांकडे बघितलं. सकाळी ते रिकामे होते. आता त्यांत बेवचा मग होता आणि नखांत माती होती. तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की तिथेच खडीवर बसावं. हा माणूस सकाळपासून आपल्यासारखाच बसून होता, आपल्यासारखाच काही न कळून. दोघांसाठी आपण एकटीनेच घाबरायचं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"मग आणलंस कशाला ते?"

"तेच तर ठरत नव्हतं. आणलं तर तू उकरशील, बादलीत घालशील आणि येऊन मागं झोपशील. नाही आणलं तर मी तुला टाकून गेलो असं होईल. बसून बसून डोकं फिरलं. आता आणलंय. उकरायचं की नाही ते तू बघ. मी हात लावणार नाही."

"तू पुन्हा खुर्चीत बसशील, डेल."

"मलाही तीच भीती आहे. फार भीती आहे." हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. त्या हिवाळ्याबद्दल तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. मग त्याने मान वळवून शेडकडे बघितलं. "तो ट्रॅक्टर उन्हाळाभर तसाच पडलाय. बर्फ पडल्यावर ही बाई रस्ता कशानं साफ करणार आहे, देव जाणे. कुणी एकदा झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाही."

"तू बघितलंस?"

"जुलैत. कार्बुरेटर गेलाय."

दोघं फाटकातून आत आली. रुफस गोल्फच्या गाडीत बसून बघत होता, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही.

न्हाणीघरांमागे डेल्मरने फावडं तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे झाला. आर्लिसने पातं कंदाच्या बाजूला टेकवलं आणि त्यावर सपातेतला पाय ठेवला. नुसतं वजन टाकायचं होतं. माती मऊ होती, कंद एका दमात निघाला असता. ती तशीच उभी राहिली. डेल्मरने खोकला दाबला.

मग तिने पाय काढला, फावडं आडवं केलं आणि भिंतीशी साठलेल्या बर्चच्या पानांचा ढीग त्यात भरून रुबार्बवर ओतला. आयोवात आई असंच करायची, पहिल्या थंडीआधी. आणखी एक फावडं. डेल्मर गुडघ्यावर बसला आणि हातांनी पानं दाबायला लागला. पानं वाऱ्याने उडत होती, म्हणून त्याने सरपणातले दोन ओंडके आणून वर ठेवले.

"पुढच्या मेमध्ये तोडता येईल?" त्याने विचारलं.

"दोन-चार देठ."

"दोन-चारच."

"त्याच्या पुढच्या वर्षी पोटभर."

डेल्मर उठला, गुडघे झाडले. "गाडी आणायची तर आधी कार सोडवावी लागेल. कार मागे असली की मागे येता येत नाही."

"माहीत आहे मला. तू सोडव, तोवर मी बेवकडे जाऊन येते. तिचा मगही द्यायचाय."

तो निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला. "आर्लिस. आणि मला नाहीच जमलं इथं, तर?"

आपल्याला तरी जमेल की नाही, हे आर्लिसला माहीत नव्हतं. डेल्मर परत आला आणि त्याने फावड्यासाठी हात पुढे केला, गाडीच्या पोटात परत ठेवायला, नेहमीसारखा.

"तर फावडं आहेच," ती म्हणाली, आणि ते तिने आपल्याकडेच ठेवून घेतलं.